बाबांचं आउटलुक

आमच्याकडे जुन्या पत्रांची ट्रंक नाही. बाबांचं जे काही होतं, ते आउटलुक २००७ मध्ये होतं. आदिलाबादला त्यांची कापसाची अडत होती. जिनिंगवाल्यांशी भावाची बोलणी आणि पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याच्या आत्याला खुशाली, सगळं एकाच खात्यातून. मेल संगणकावर उतरली की सर्व्हरवरून पुसली जायची, म्हणजे प्रत फक्त त्या एका संगणकात. बाबा गेल्यावर दोन वर्षं त्याला कुणी हात लावला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा आधार संपला, तेव्हा मी नवा लॅपटॉप घेऊन पुण्याहून घरी गेलो.

आउटलुक सगळं पीएसटी नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. मला फुकटातलं थंडरबर्ड वापरायचं होतं, पण ते पीएसटी सरळ वाचत नाही; त्याच संगणकावर आउटलुक असेल तर त्याच्याकडून मागून घेतं. म्हणून थंडरबर्ड आधी जुन्या संगणकावर बसवलं, तिथेच मेल आत घेतली आणि मग त्याचं अख्खं प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवरून नव्या लॅपटॉपवर आणलं. प्रत्येक फोल्डरमधल्या मेलची संख्या दोन्हीकडे जुळवून पाहिली. कंटाळवाणं काम आहे, पण तुम्ही कुणी हे करणार असाल तर टाळू नका. २०१४ च्या जूनपर्यंत बाबांच्या सहीखाली ‘आंध्र प्रदेश’ आहे, मग ‘तेलंगणा’. घर तेच.

कॅलेंडर वेगळं न्यावं लागतं. आउटलुकमधून ते आयसीएस फाइल म्हणून साठवताना पूर्ण कॅलेंडर आणि सगळा तपशील हे पर्याय निवडायचे, नाहीतर नोंदींच्या आतला मजकूर मागेच राहतो.

आमच्याकडे खरी ठेव त्या मजकुरातच होती.

“आजीची तिथी आली का रे?” आईने विचारलं.

आली होती, आणि दरवर्षीची वेगळी. संगणकाला तिथी कळत नाही, इंग्रजी तारीखच कळते. गुढीपाडवा (आमच्या तेलुगू शेजाऱ्यांचा उगादीही त्याच दिवशी) २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. दरवर्षी आपोआप येणारी नोंद इथे काय कामाची? म्हणून बाबा पंचांग घेऊन बसत आणि घरातल्या सगळ्या तिथी नव्याने भरत.

आजीच्या नोंदीत लिहिलं होतं: “मार्गशीर्ष वद्य पंचमी. गुरुजींना आठ दिवस आधी फोन. वडे, कढी, खीर. माहूरच्या काकूंना बोलवायचं, त्या आपणहून विचारत नाहीत.”

आईने ते दोनदा वाचून घेतलं. “काकूंना बोलावणं हेच करायचे होय? मला वाटायचं, त्या आपल्याच येतात.”

त्या दोन वर्षांत काकू आल्या नव्हत्या. आईने तिथूनच त्यांना फोन लावला.

आता आयसीएसची एक प्रत ताईकडे आहे, एक माझ्याकडे. २०२६ च्या तारखा आई पंचांगातून वाचते आणि ताई भरते. यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने आजीची तिथी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातून थेट शेवटच्या आठवड्यात गेली आहे. ताईच्या मुलांना तेव्हा नाताळची सुट्टी असते.