ठाण्याच्या वहीत न येणारा गुन्हा

अल्लीपूर,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा

चि. बाळ यास,

तुझं पत्र आणि सोबतचा निबंधाचा मसुदा, दोन्ही सावकाश वाचले. तुझं म्हणणं सरळ आहे. बंदी घातली की माल चोरवाटेने येतो, चोरवाट आली की हप्ते, टोळ्या नि मारामाऱ्या येतात. तेव्हा दारूपासून गांजापर्यंत सगळं परवान्याने विकू द्यावं, गुन्हे आपोआप ओसरतील. दाखले तू पोर्तुगालचे, कॅनडाचे, अमेरिकेचे, अगदी बिहारचेही दिलेस. पण आपला वर्धा जिल्हा गांधीजींची कर्मभूमी म्हणून सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून कोरडा आहे, गडचिरोली १९९३ पासून आहे, आणि चंद्रपूरने तर सहा वर्षांत बंदी घालूनही पाहिली नि उठवूनही पाहिली. या तिघांचं नाव तुझ्या मसुद्यात नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लिस्बनच्या आधी हिंगणघाट-वरोरा रस्ता बघावा, असं मला वाटतं.

चंद्रपूरपासून सुरुवात करते, कारण तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच आहे. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामींबरोबर हजारो बाया दारूबंदीसाठी चिमूरहून पायी निघून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर गेल्या. पुढे १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. मग निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांची समिती बसली आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. कारण सांगितलं ते असं की अवैध दारू बोकाळली, गुन्हे वाढले, बायका-मुलं या धंद्यात ओढली गेली. यातलं खोटं काहीच नाही. पण ‘गुन्हे वाढले’ हे वाक्य नीट उलगडून बघ. ३१ मार्च २०१५ ला परवान्याच्या दुकानात पव्वा विकणं हा व्यवसाय होता, दुसऱ्या दिवशी तोच पव्वा विकणं दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा झाला. माणूस तोच, बाटली तीच, वहीतली नोंद तेवढी नवी. बंदी उठली की ती नोंद गळणारच. नोंद गळली याला ‘गुन्हेगारी कमी झाली’ म्हणायचं असेल तर उद्या हेल्मेटची सक्ती काढून टाकली तरी रस्त्यावरचे गुन्हे कमी झाले असं म्हणावं लागेल.

म्हणून मी गुन्ह्याचे दोन भाग करते. एक धंद्याचा गुन्हा: मोह्याची भट्टी, सीमेपलीकडून येणाऱ्या पेट्या, हप्ता, विकणाऱ्यांची आपसातली भांडणं. दुसरा नशेचा गुन्हा: पिऊन केलेली मारहाण, पिण्यासाठी घरातली भांडी नि बायकोची मजुरी हिसकावणं, पिऊन चालवलेल्या गाडीखाली माणूस येणं. पहिला गुन्हा कायद्याने जन्माला येतो आणि कायदा काढला की त्यातला बराचसा जातो, हे मी मान्य करते. दुसरा कायद्याने येत नाही. तो किती माणसं किती पितात यावर चालतो. तुझ्या मसुद्यात पहिलाच मोजलेला आहे, कारण ठाण्याच्या वहीत प्रामुख्याने तोच येतो. आपल्या अल्लीपूरच्या ठाण्याचं घे, नाहीतर कोणत्याही ठाण्याचं. भट्टीचा सडवा नष्ट केला, मुद्देमाल जप्त केला, याची नोंद होते, कारण ती पोलीस स्वतः लिहितात. रात्री मार खाल्लेली बाई सकाळी कापूस वेचायला जाते, ठाण्यात जात नाही.

वह्यांवर विसंबण्यातला धोका उलट्या बाजूनेही असतो, हे तुला एका जुन्या गोष्टीवरून कळेल. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने गांजा-भांग-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि त्याच प्रांतात खंडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती चाले. गांजाने वेड लागतं असा समज होता आणि वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या त्याला साक्षी होत्या. आयोगाने त्या वह्या तपासल्या तेव्हा आढळलं की वेडाचं कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द पुष्कळदा कसलीही चौकशी न करता भरलेला होता. माफक सेवनाचा गुन्हेगारीशी म्हणावा तसा संबंध नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. गांजावर कर घेणाऱ्या सरकारला तो सोयीचाही होता, पण वह्यांची तपासणी खरी होती. त्यामुळे गांजा आणि दारू एका तागडीत घालू नकोस, ही तुझी मांडणी बदलायची माझी पहिली विनंती. नशेचा गुन्हा प्रत्येक पदार्थागणिक वेगळा असतो. गांजात तो कमी, दारूत प्रचंड, आणि हल्ली महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं, गणित त्याहून निराळं.

आता तुझा दुसरा मुद्दा: परवाना आला की हातभट्टी मरते. मुंबईत काय झालं ते बघ. १९५० च्या दशकातली मोरारजींची कडक दारूबंदी साठीत सैल झाली, परवाने मिळू लागले. हातभट्टी मेली का? वरदराजन मुदलियार या टोळीवाल्याचं साम्राज्य सत्तरीतही हातभट्टीवर चाललं. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसं गेली, जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीत शंभरावर. या दोन्ही वेळा मुंबईत परवान्याची दुकानं राजरोस उघडी होती. तमिळनाडूत तर दारू सरकारच विकतं, तरी जून २०२४ मध्ये कल्लकुरिचीत साठाहून अधिक मजूर मेले. कारण साधं आहे. परवान्याच्या बाटलीत कर असतो आणि हातमजुरी करणाऱ्याला कर परवडत नाही. कर वाढवला की खालून हातभट्टी येते, कर उतरवला की पिणं वाढतं. कॅलिफोर्नियात २०१८ पासून गांजाची खुली विक्री आहे, पण कर न भरणारा बाजार तिथेही जिवंत आहे, तो याच कारणाने. हे सांगताना मी दुसरी बाजू झाकत नाही. अहमदाबादेत २००९ मध्ये आणि बोटादला २०२२ मध्ये विषारी दारूचे बळी बंदीच्या गुजरातेत गेले. दोन्हीकडे माणसं मारली ती मेथॅनॉलने, आणि दोन्हीकडे तोडगा एकच आहे: कारखान्यातून मेथॅनॉल बाहेर पडतं कसं यावर पहारा. बंदी असो वा नसो, तो पहारा लागतोच.

नशेच्या गुन्ह्याविषयी मात्र आपल्या देशात आता बरा पुरावा जमला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, ज्यांचे नवरे वारंवार नशेत असतात अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. ज्यांचे नवरे पीतच नाहीत त्यांच्यात हे प्रमाण पाव हिश्श्याच्याही खाली होतं. तू लगेच म्हणशील की मारकुटा माणूसच पीत असेल, दारूला का दोष द्यायचा? हरकत योग्य आहे. म्हणूनच बंदी येण्याआधीची आणि नंतरची तुलना महत्त्वाची. बिहारमध्ये एप्रिल २०१६ मध्ये बंदी आली. तिच्यावर तू जेवढं लिहिलंस त्यातलं बरंचसं खरं आहे. तिथे न्यायालयं दारूच्या खटल्यांनी तुंबली आणि देशाच्या सरन्यायाधीशांनी २०२१ मध्ये त्या कायद्याला दूरदृष्टी नसल्याचा नमुना म्हटलं. पण २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात शेजारच्या राज्यांशी तुलना करून जो अभ्यास आला, त्याचा अंदाज असा की त्या बंदीने नियमित पिणारे सुमारे २४ लाखांनी आणि जोडीदाराच्या हिंसेची प्रकरणं सुमारे २१ लाखांनी कमी झाली. एकाच राज्यात, एकाच कायद्याने, न्यायालयात खटले वाढले आणि घरात मार कमी झाला. तू यातला पहिलाच आकडा घेतोस. दुसरा घेतला तर गुन्हे वाढले की घटले?

‘पिणारे तरीही पितातच’ याला माझं उत्तर एवढंच की काही पितात, सगळे नाही, आणि पूर्वीइतकं नाही. वडनेरच्या पुढे वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो, तिथे विक्री खुली आहे. ज्याला प्यायचीच आहे तो जातो, नाहीतर गावातल्या चोरविक्यापाशी दुप्पट पैसे मोजतो. व्यसनी माणसाच्या घरातून त्यामुळे जास्तच पैसा जातो, हा आपल्या बंदीचा खरा दोष आहे. पण सोळा वर्षांच्या पोराला एसटी थांब्यासमोर पाटी लावलेलं दुकान दिसत नाही, याची किंमत कुठल्या आकड्यात धरायची? शिवाय बंदीमुळे बाईला एक जागा मिळते, जिचा विचार शहरात होत नाही. चोरून विकणाऱ्याविरुद्ध ती ठाण्यात जाऊ शकते, ग्रामसभेत उभी राहू शकते, कारण कायदा तिच्या बाजूचा आहे. दुकानाला परवाना मिळाला की कायदा दुकानदाराच्या बाजूला जातो. मग तिच्यापाशी उरते ती ‘आडव्या बाटली’ची, म्हणजे दुकान बंद करण्याच्या मतदानाची वाट: आधी एकचतुर्थांश महिला मतदारांची मागणी, मग मतदान, आणि मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं. आमदार निवडून द्यायला एवढी मतं लागत नाहीत!

तुझ्या मसुद्यातलं जे पान मी दोनदा वाचलं ते पारधी बेड्यांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, छाप्यांचं. त्यावर वाद घालायचा नाही, त्यात भरच घालायची आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पारधी बेड्यावरचा शिक्का गेला नाही. पोलिसांची हातभट्ट्या मोडण्याची ‘वॉश आऊट’ मोहीम म्हटली की वाहनं तिकडेच वळतात. ड्रम उलटे होतात, छायाचित्र निघतं, आठवड्याने भट्टी पुन्हा लागते, कारण जमीन नाही, दुसरा रोजगार नाही. सीमेपलीकडून पेट्यांनी माल देणारा ठोक विक्रेता मात्र त्या छायाचित्रात नसतो. बाटलीवर बॅच क्रमांक छापलेला असतो. जप्त केलेली बाटली कोणत्या परवानाधारकाकडून निघाली हे त्यावरून शोधून त्याचा परवाना रद्द केला तर आपल्या बंदीचा चेहराच बदलेल. हा माझ्या मते बंदी उठवण्याचा युक्तिवाद नाही, बंदी ज्या टोकाने धरली आहे ते टोक बदलण्याचा आहे.

आणि इथेच तुझं पोर्तुगाल मला उपयोगी पडतं. २००१ मध्ये तिथे अमली पदार्थांची विक्री खुली झाली नाही; विकणारा आजही तुरुंगात जातो. बदललं ते एवढंच, की स्वतःपुरता माल बाळगणाऱ्यावर फौजदारी न करता त्याला समुपदेशन करणाऱ्या समितीसमोर उभं करतात, आणि मागे उपचाराची सोय उभी केली. ओरेगॉनने २०२० मध्ये जनमताने शिक्षा काढली, पण उपचाराची सोय मागे पडली, आणि २०२४ मध्ये शिक्षा परत आली. म्हणजे ‘शिक्षा न करणं’ आणि ‘विकू देणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तू त्या एका शब्दात कोंबल्यास. पहिलीला माझा पूर्ण पाठिंबा. आपल्याकडे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सुटका देणारं कलम ६४-अ आहे, ते क्वचित वापरलं जातं. दारूबंदी कायद्यातही पिणाऱ्याला कोर्टात नेण्याऐवजी दवाखान्यात नेलं तर ठाण्याचा निम्मा कागद वाचेल. दुसरीला माझा विरोध, कारण विकू दिलं की विकणारा गप्प बसत नाही. राज्याला दारूतून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक मिळतात. जो त्यावर पगार देतो तो पिणं कमी व्हावं म्हणून किती झटेल? जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, तेव्हाही दुकानांमागे सरकारचं उत्पन्न होतं.

तुझ्या निबंधाला अजून पंधरा दिवस आहेत म्हणतोस. तर एक काम कर. चंद्रपूरचा एक तक्ता मांड. २०१३ पासूनची वर्षं घे. एका रकान्यात कलम ६५ आणि ६६ चे गुन्हे, दुसऱ्यात नवऱ्याच्या क्रूरतेचे, म्हणजे जुन्या ४९८-अ चे आणि आताच्या न्यायसंहितेतल्या ८५ चे, तिसऱ्यात दुखापत नि खून, चौथ्यात रस्ता अपघात. शेजारी त्याच वर्षांचे वर्धा आणि यवतमाळचे रकाने ठेव, कारण एक त्या काळात कायम कोरडा होता, दुसरा कायम ओला. माहितीच्या अधिकारात अर्ज तू कर, वर्ध्याचा मी करते. दुसरा रकाना माझ्याविरुद्ध गेला तर तसं कळव. मी पुन्हा विचार करीन.

तुझी,
आत्या