बोगोरचा वीतभर ड्रॅगन

प्रिय सुनी,

इंडोनेशिया म्हटलं की सगळे एकच विचारतात, आणि तूही तेच विचारलंस: कोमोडो ड्रॅगन बघितलास का? अगं, तो राहतो पार पूर्वेच्या बेटांवर, मी इकडे जावात, बोगोरला. बोगोरशी त्याचं नातं आहे म्हणा. १९१२ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते इथल्या प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या आउवेन्स यांनी. पण त्याच्याही दीडशे वर्षं आधी, १७५८ मध्ये, लिनियसने ड्रॅगनचं नाव एका वीतभर सरड्याला देऊन टाकलं होतं. ड्रॅको व्होलान्स, जावा-बालीच्या झाडांवरचा. माझ्या मते खरा मानकरी तोच!

बसलेला असताना शोधून दाखव, पैज. खोडाच्या सालीत असा मिसळून जातो, आणि समोरून मुंग्या गेल्या की निवांत टिपतो. नर गळ्याखालची पिवळी पताका उघडझाप करायला लागला की मगच सापडतो.

आणि त्याचे पंख म्हणजे चक्क बरगड्या! काही बरगड्या लांबच लांब वाढून बाजूच्या कातडीत शिरल्यात, छत्रीच्या काड्यांसारख्या. एरवी अंगालगत मिटलेल्या. झेप घेतली की उघडतात, आणि स्वारी पंख न फडफडवता तरंगत पुढच्या झाडावर. वीस-तीस मीटर सहज. उतरताना तोंड वर करून वेग मारतो आणि खोडाला चिकटतो.

हे सगळं जमिनीवर पाय न ठेवण्यासाठी. पण बाईमाणसाची सुटका नाही! मादीला अंडी घालायला खाली यावंच लागतं. नाकाने माती उकरायची, चार-पाच अंडी घालून बुजवायची, एखादा दिवस राखण करायची आणि परत झाडावर. पुढे पिल्लांचं पिल्लांनी बघावं.

तुमच्याकडेही याचा भाऊबंद आहे बरं का, पश्चिम घाटातला ड्रॅको दुसुमेरी. गोव्यातही आहे. तरंगताना तो पुढच्या पायांनी पंखाची कड धरतो, हे डेहलिंग नावाच्या संशोधकाने २०१७ मध्ये त्याच्याच निरीक्षणातून दाखवलं. तेव्हा मे महिन्यात माहेरी काणकोणला गेलीस की ऊन चढल्यावर कुळागरात जा आणि पोफळींच्या खोडांवर नजर ठेव. दिसला तर फोटोच्या मागे लागू नकोस, हात कुठे धरतो तेवढं बघ आणि मला कळव.

तुझी,
वृंदा