सव्वाआठची तालीम

मुंबईहून कल्याणकडे जाताना तीन नाट्यगृहांची गावे लागतात. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुल्यांच्या आणि कल्याणात आचार्य अत्र्यांच्या नावाचे नाट्यगृह. पण वाचकहो, इथला हौशी नट पाहायचा तर शाळेच्या रिकाम्या वर्गात, तालमीला जावे.

तालीम सव्वाआठची; खरी वेळ ठरवते ती लोकल. कचेरीतून निघालेला राजा ठाण्याला अडकला, की प्रधानच त्याचीही वाक्ये म्हणतो. नायिका मिळणे सर्वांत कठीण. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आटोपून ती येते, आणि रात्री तिला घरापर्यंत सोडल्याशिवाय मंडळी पांगत नाहीत. ही सोबत नसेल, तर नाटक तिथेच थांबते.

महिनोन्‌महिन्यांची ही खटपट १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेसाठी. प्राथमिक फेरीत प्रयोग एकच. निवड झाली नाही, तर बहुधा तोच शेवटचा! पडदा पडला, की राजाच नेपथ्य उचलून टेम्पोत भरतो.

दुसऱ्या सकाळी तो नेहमीच्या गाडीला लोंबकळतो. कानामागे थोडा रंग राहिलेला असतो. शेजारी विचारतो, “पुढचे नाटक कोणते?”