‘बीज खराब आहे’ म्हणण्यापूर्वी

लग्नाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्या समाजात कुजबूज सुरू होते. कोणी मलिद्याचा नवस बोलायला सांगते, कोणी डॉक्टरचे नाव सुचवते. पुढे उपचार सुरू झाले की एक वाक्य हमखास कानी येते, “तिचे बीजच खराब आहे म्हणे!” हे ऐकून मान खाली घालणाऱ्या पुष्कळ मुली आम्ही परिचारिकांनी इस्रायलातल्या रुग्णालयांत पाहिल्या. म्हणून बीजाची पारख खरोखर कशी करतात, हे सांगावेसे वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की बीजांची संख्या निराळी आणि त्यांची प्रत निराळी. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. ए.एम.एच. ही रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक फॉलिकलची मोजणी, यांवरून साठा किती उरला व इंजेक्शनांनी किती बीजे हाती लागतील याचा अंदाज येतो. ती चांगली की वाईट, हे त्यातून कळत नाही. ए.एम.एच. कमी आलेल्या तरुण मुलीची बीजे थोडी असली तरी सुदृढ असू शकतात.

मग प्रत कशी पाहतात? बीज पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे ३६ तासांनी सुईने बीजे काढतात. म्हणूनच ते इंजेक्शन ठरल्या वेळेलाच घ्या, असे आम्ही पुन्हा पुन्हा बजावत असू. एकेका बीजात शुक्राणू सुईने सोडायचा असेल, तर आधी भोवतीच्या पेशी काढून टाकतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली पक्व बीजाच्या कडेला एक इवलासा गोळा दिसतो. तो नसला तर बीज अजून कच्चे. बीजाचा आकार, कवच व आतला द्रवही पाहतात. परंतु दिसायला देखणे बीज वाया जाऊ शकते आणि ओबडधोबड दिसणाऱ्या बीजापासूनही धडधाकट मूल होऊ शकते.

याचे कारण असे की मोठा दोष असतो तो गुणसूत्रांच्या वाटणीत, आणि तो वरून दिसत नाही. शरीराच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, बीजाने आपल्या वाट्याला २३ राखायची असतात. वयाबरोबर या वाटणीत चुका वाढतात, पस्तिशीनंतर भराभर आणि चाळिशीनंतर फारच. हा निसर्गाचा क्रम आहे, त्या बाईचा अपराध नव्हे.

पुढची पारख दिवसांनी होते. दुसऱ्या दिवशी फलन झाले का, पाचव्या दिवशी गर्भ कुठवर वाढला, हे पाहतात. पण तिथे शुक्राणूचाही वाटा असतो. गर्भ वाढला नाही म्हणून सारे खापर सुनेच्या डोक्यावर फोडणे शास्त्रालाही धरून नाही. तरी तपासणीला बायको आधी येते आणि नवरोजी सबबी सांगत राहतात!

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण इकडे येऊन स्थिरावले होते. आज इस्रायलात पहिल्या दोन मुलांसाठी, बीज स्वतःचे असल्यास बाईच्या ४५ वर्षांपर्यंत, हा उपचार आरोग्य विम्यातून मिळतो. पैशाची सोय झाली, पण गेलेले वय कोणी परत देत नाही.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे. मुलीचे वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने वाट पाहून दोघांनाही डॉक्टरकडे पाठवा. आणि अहवाल हाती आला की त्यातला आकडा शेजारीपाजारी सांगत बसू नका. तो त्या दोघांचा आहे.