पाणी कुठे गेले?

कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगा हे नाव परके नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात, पाचवी सरस्वती श्रद्धेने मोजून घ्यावी लागते. प्रयाग चिखलीपाशी त्यांचा मेळ होतो आणि पुढच्या पाण्याला एकच नाव उरते. काशीला बदली होऊन आलो आणि इथेही एक पंचगंगा घाट आहे असे कळले, तेव्हा परगावी अकस्मात गाववाला भेटावा तसा आनंद मला झाला. काशीची पंचगंगा मात्र हिशेबाला अधिक अवघड आहे. गंगा तेवढी समोर वाहते. यमुना आणि सरस्वती प्रयागलाच तिच्यात मिसळून आलेल्या. उरलेल्या किरणा आणि धूतपापा या काशीखंडातल्या नद्या. त्या आज कोणालाच दिसत नाहीत. पाच नद्या लिहायच्या आणि एकच दाखवायची! आमच्या कचेरीत एवढ्या पुराव्यावर कोणी प्रवासभत्त्याचे देयकही मंजूर केले नसते.

परंतु मराठी माणसाला इथे परके वाटत नाही, हे खरे. घाटावरचे आजचे बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविलेले. हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो. एकनाथांनी आपले भागवत पैठणला आरंभिले, पण त्याची समाप्ती वाराणसीत झाली, शके १४९५ च्या, म्हणजे इसवी सन १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला. आणि कार्तिक हाच या घाटाचा खरा महिना. उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या लहान लहान पिटाऱ्या टांगलेल्या असतात. संध्याकाळी दोरीने त्या खाली घेतात, आत पणती ठेवतात आणि पुन्हा वर चढवितात. हे आकाशदीप पितरांसाठी. त्यांना परतीची वाट दिसावी, अशी त्यामागची भावना.

माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. ते एस. टी.चे चालक होते. कोल्हापूर आगारातून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांवर त्यांची बहुतेक नोकरी झाली. २०२४ साली कोजागरीच्या आधी आई काशीला आली ती त्यांच्यासाठी एक आकाशदीप लावायचे मनात धरूनच. इथला कार्तिक कोजागरीच्या दुसऱ्याच दिवशी लागतो. आपल्या पंचांगाप्रमाणे तेव्हा अजून अर्धा आश्विन शिल्लक असतो. ‘‘म्हणजे यांना पंधरा दिवस जास्तीचा उजेड,’’ एवढेच आई म्हणाली. एका घाटियाशी बोलून आम्ही पिटारीची व्यवस्था केली. आठवड्यातून दोनदा आईने स्वतः जाऊन तेल घालावयाचे, एरवी त्याने, असे ठरले.

आता मूळ विषयाकडे यावयास हरकत नाही. कारण आईला नेणारी गाडी हाच या लेखाचा विषय आहे.

चार वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात माझ्या पत्नीचा डावा घोटा मोडला. हाड जुळले, पण क्लच दाबण्याइतके बळ त्या पायात पुन्हा आले नाही. ती शाळेत शिकविते, शाळा लांब. म्हणून कर्ज काढून दहा वर्षांची जुनी, पण आपोआप गियर बदलणारी एक गाडी आम्ही घेतली. ती आल्यापासून पत्नी पुन्हा कोणावर अवलंबून राहिली नाही. त्या गाडीचे आमच्या घरातले स्थान एवढ्यावरून ध्यानात यावे.

श्रावणात पत्नी म्हणाली, ‘‘गाडीतले पाणी कमी होते आहे.’’ मी वर्तमानपत्र अंथरून गाडीखाली डोकावलो. जमीन कोरडी ठणठणीत. गळती असेल तर ओल हवी. ओल नाही, सबब गळती नाही, असा निर्णय देऊन मी उठलो. तरीही एकदा मिस्त्रीकडे गेलो. म्हातारा अनुभवी माणूस. त्याने रेडिएटरचे झाकण बदलले आणि सांगितले की रेडिएटर जुना झाला आहे, बदलून घ्या, आणि गियरबॉक्सचे तेलही एकदा पाहू द्या. रेडिएटरचे त्याने अकरा हजार सांगितले. दसऱ्याला आमच्या हाती येणारा बोनस ६,९०८ रुपये. त्यात आईचे येणे, दिवाळी, कर्जाचा हप्ता. ‘‘दिवाळीनंतर बघू,’’ मी म्हटले. कचेरीत ज्या कागदावर निर्णय घ्यावासा वाटत नाही तो आम्ही ‘योग्य वेळी सादर करावा’ असे लिहून कपाटात ठेवतो; तसाच हा ठेवला. घरी मात्र मी सांगितले, ‘‘झाकण खराब होते, बदलले.’’ ते खोटे नव्हते. एवढेच की पूर्णही नव्हते.

पुढे पाणी कमी झाले की आम्ही नळाचे पाणी घालीत असू. यातही चूक होती. रेडिएटरमधले पाणी नुसते पाणी नसते. त्यात ग्लायकॉल असते आणि धातू गंजू नये म्हणून घातलेली द्रव्ये असतात. नळाच्या जड पाण्याची भर घालीत गेले की ती द्रव्ये विरळ होतात, क्षार साचतात आणि आतून गंज चढतो. पाणी भरणे म्हणजे काळजी घेणे, अशी माझी समजूत; प्रत्यक्षात दर बाटलीगणिक रोग वाढत होता.

आश्विनात पत्नीने दुसरी तक्रार केली. ताशी चाळीसच्या वेगाला गाडी थरथरते, खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखी. मी म्हटले, ‘‘बनारसचे रस्तेच खडबडीत आहेत.’’ वाचकांपैकी ज्यांनी हे शहर पाहिले आहे ते मान्य करतील की या उत्तरात दोष काढणे कोणालाही अवघड होते.

६ नोव्हेंबरला, छठपूजेच्या आदल्या संध्याकाळी, दोघी तेल घालून परतल्या. घाटाच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही. ती मैदागिनपाशी उभी करावी लागते. रस्ताभर उसाच्या मोळ्या, सुपे आणि बांबूच्या टोपल्या यांचा बाजार भरलेला. पत्नीने गाडी सुरू केली, मागे घेण्यासाठी दांडी ओढली. इंजिन गर्जले आणि गाडी जागची हलली नाही. पुन्हा ओढली, पुन्हा नुसती गर्जना. मागे-पुढे भोंगे सुरू झाले. कोणीतरी ओरडले, ‘‘चलावे नाहीं आवत त काहे निकलेलू?’’ चार वर्षे जिने कोणाचा हात धरला नव्हता तिला गर्दीत हे ऐकावे लागले. चार पोरांनी गाडी ढकलून कडेला लावली. मी कचेरीतून पोहोचलो तेव्हा आई मागच्या आसनावर तेलाची बाटली मांडीवर घेऊन बसली होती आणि पत्नी बाहेर उभी होती, सारा भार उजव्या पायावर देऊन.

दुसऱ्या दिवशी गाडी दोरखंडाने मिस्त्रीकडे नेली. त्याने गियरबॉक्सच्या तळाचा बूच काढला. या पेटीतले तेल लाल असते. खाली ठेवलेल्या परातीत उतरले ते मात्र दाट, फेसाळ आणि गुलाबी. कोकणच्या हद्दीजवळ वाढलेल्या माणसाला दुसरी उपमा सुचणे शक्य नव्हते: ती सोलकढी होती. मिस्त्रीने मापून पाहिले. जेवढे तेल मावावयाचे त्याहून अधिक निघाले. आमचे हरवलेले पाणी तिथे होते.

झाले होते ते असे. आपोआप चालणाऱ्या गियरबॉक्समध्ये इंजिनाची शक्ती पुढे जाते ती तेलातून. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या भांड्यात एक पाते तेल ढवळते आणि त्या तेलाच्या प्रवाहाने दुसरे फिरते. या घुसळणीत तेल तापते आणि गर्दीत रखडत चालताना तर फारच. तापलेले तेल लवकर कुजते, म्हणून ते गार करावे लागते. कित्येक गाड्यांत त्यासाठी वेगळी सोय करीत नाहीत. रेडिएटरच्याच टाकीत एक लहानशी नळी बसवितात. नळीच्या आत तेल, बाहेर पाणी. तेल आपली उष्णता पाण्याला देते, पाणी ती वाऱ्याला देते. थंडीत हेच पाणी उलट तेलाला ऊब देते. एका चुलीवर दोन घरांचे शिजावे, अशी ही काटकसर आहे आणि मध्ये पातळशी भिंत धड असेपर्यंत तीत काही गैर नाही. ती भिंत गंजली किंवा तिचा सांधा चिरला की इंजिन चालू असताना सहसा तेलाचा दाब अधिक असतो, म्हणून तेल पाण्यात शिरते. गाडी बंद केली की तेलाचा पंप थांबतो. पाणी मात्र गरम असते आणि झाकणामुळे दाबाखालीच राहते. मग पाणी तेलात शिरते. म्हणजे माझी गाडी दारात शांतपणे उभी असताना आपला घात करून घेत होती. जमीन कोरडी राहिली ती यामुळेच. पाण्याच्या बाटलीत मला एकदा तेलकट तवंगही दिसला होता. आधीच्या मालकाने काहीतरी ओतले असेल, असे म्हणून मी झाकण लावले.

पुढचे काम पाणीच करते. गियरबॉक्समधल्या चकत्यांवर कागदासारख्या द्रव्याचा थर चिकटविलेला असतो. त्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा गाडी चालते. पाण्याने आणि ग्लायकॉलने तो थर फुगतो, त्याचा चिकटा सुटतो आणि त्याचे तुकडे झडपांच्या बारीक वाटांत जाऊन बसतात. पत्नीला जाणवलेली थरथर ही त्या चकत्यांची घसरण होती. त्या वेळी, नव्हे श्रावणातच, तेल पाहिले असते तर रेडिएटर बदलून आणि तेल धुऊन काढून बहुधा भागले असते. कित्येक नव्या गाड्यांत हे तेल पाहण्याची सळईच ठेवलेली नसते. मिस्त्रीने गाडी उचलल्यावाचून ते दिसत नाही. परंतु मिस्त्री तर उचलावयास तयार होता! (२०१४ पासून आपल्याकडे स्वस्त ‘ऑटोमॅटिक’ गाड्या आल्या, त्यांत बहुधा साधाच गियरबॉक्स यंत्राने हलविलेला असतो, तिथे ही नळी नसते. ज्यांच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे त्यांनी मात्र आपले तेल कुठे गार होते ते एकदा विचारून घ्यावे.)

परातीकडे पाहत मिस्त्री सहज म्हणाला, ‘‘बाबूजी, सावन में ही त कहले रहलीं, रेडिएटर बदलवा लीं.’’

पत्नी शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. गियरबॉक्स खोलून बांधण्याचे त्याने एक लाख पस्तीस हजार सांगितले. तेही तिने ऐकले.

रात्री जेवणानंतर तिने शाळेची एक जुनी वही टेबलावर आणून ठेवली. शेवटच्या पानावर तिच्या नीटस अक्षरात तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे किती पाणी घातले ते. ‘पाव बाटली’, ‘अर्धी’, पुन्हा ‘पाव’. दहा आठवड्यांत सव्वादोन लिटर. तेरा वर्षे मी सरकारी नोंदवह्या सांभाळतो आहे आणि माझ्या घरात एक नोंदवही चालू होती हे मला ठाऊक नव्हते. ‘‘तुम्हाला दाखवणार होते,’’ ती म्हणाली, ‘‘पण तुम्ही झाकण बदलले म्हणालात. मग मला वाटले, आपलेच मोजण्यात काही चुकत असेल.’’ हे वाक्य मी अद्याप विसरू शकलेलो नाही. गाडी माझ्या काटकसरीने गेली. त्याला क्षमा असेल. तिला तिच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शंका घ्यावयास लावली, ती माझ्या अर्ध्या वाक्याने.

आई अंथरुणावर जपमाळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, ‘‘हे फोंडा घाट चढून आले की पहिले रेडिएटरला पाणी बघायचे. कमी दिसले तर नुसते भरून निघत नसत. क्लीनरला म्हणायचे, ‘अरे, पाणी नाहीसे होत नसते, कुठे गेले ते आधी शोध.’ प्रवासी ओरडत बसायचे.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘तूही असायचास की पुढच्या सीटवर.’’ होतो खरा. घाटमाथ्यावर उभ्या गाडीखाली वाकलेली त्यांची खाकी पाठ मला स्वच्छ आठवली. शब्द मात्र आठवले नाहीत.

१५ नोव्हेंबरला कार्तिकी पौर्णिमा होती. देवदिवाळीला सारी काशी घाटांवर लोटते. आम्ही दुपारीच ई-रिक्षाने निघालो. लहुराबीर, कबीरचौरा, मैदागिन, आणि पुढे गल्ल्यांतून पायी. पत्नी दर दहा पावलांवर भिंतीला हात टेकीत होती. मी हात पुढे केला. तिने आईचा हात धरला. पायऱ्या उतरून पोहोचलो तेव्हा दीपस्तंभावर पणत्या मांडणे चालू होते. अंधार पडल्यावर घाटियाने आमची पिटारी खाली घेतली. आईने शेवटचे तेल घातले, वात पुढे सरकविली आणि दोरी स्वतः ओढली. ती दोरी ओढण्याइतकी शक्ती तिच्यात असेल असे मला वाटले नव्हते. पिटारी वर जाऊन इतर पिटाऱ्यांत मिसळली. थोड्या वेळाने आमचा दिवा कोणता हे आईलाही सांगता येईना.

गर्दीतून बाहेर पडावयास दोन तास लागले. परतीच्या रिक्षात आई मधे बसली होती आणि तिला डुलकी लागली होती. कबीरचौऱ्यापाशी पत्नीने विचारले, ‘‘नवा रेडिएटर घातला तरी ती नळी पुन्हा त्याच टाकीत बसवायची का?’’

‘‘वेगळी ठेवता येते,’’ मी म्हटले. ‘‘पुढे वाऱ्यावर, स्वतंत्र जाळी. तो साडेसात हजार म्हणतो. जुना गियरबॉक्स मिळाला तर नव्वद हजारांत. पण त्याची हमी तीनच महिन्यांची.’’

‘‘आणि?’’

मी त्याने सांगितलेले राहिलेलेही सगळे आकडे सांगितले.