एका सायकलीचे पाठभेद

जुन्या पोथ्या आणि जुन्या सायकली यांत मला फार साम्य दिसते. दोन्ही माळ्यावर सापडतात, दोन्हींवर धुळीचा सारखाच थर असतो, आणि दोन्हींची खराबी काळापेक्षा त्यांना सुधारायला निघालेल्या माणसांनीच अधिक केलेली असते. पोथी उतरवून घेणाऱ्याला एखादी ओवी लागली नाही की तो पदरची घालतो. सायकल दुरुस्त करणाऱ्याला एखादा नट मिळाला नाही की तोही पदरचाच घालतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मराठीचा अध्यापक म्हणून मी दर वर्षी वर्गात सांगत आलो आहे. शुद्ध करणे म्हणजे काय, हे मात्र गेल्या वर्षी स्वतःचे हात काळे झाले तेव्हा अधिक कळले.

पुण्यातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या जागी इमारत उभी राहायची ठरली, माळे रिकामे झाले, आणि अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, सायकल खाली आली. नॉटिंगहॅमची रॅले, ‘स्पोर्ट्‌स’ जातीची, पुढे तो बगळ्याचा बिल्ला. टायर वाळून कोळ झालेले, सीटचे चामडे पापडासारखे वाकलेले, मागच्या मडगार्डला कोणी तरी चक्क रंगाऐवजी डांबर फासलेले. अण्णांनी याच सायकलीवरून सदाशिव पेठ ते खडकीचा दारूगोळा कारखाना अशी रोजची फेरी वर्षानुवर्षे केली.

या सायकलीच्या जन्मकथेचे आमच्या घरात दोन पाठ होते. अण्णांचा पाठ असा, की १९५१ साली लग्नात ती त्यांना सासऱ्यांनी दिली. हाच पाठ काकांनी पुढे चालवला आणि तोच प्रमाण मानला गेला. दुसरा पाठ आजीचा. विलायतेहून शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी ती बरोबर आणली होती. त्यांनी मोटार घेतल्यावर अण्णांनी ती त्यांच्याकडून विकत घेतली, आणि पैसे आले आजीच्या पाटल्यांतून. “सासऱ्यानं कसली दिली? माझ्या दोन पाटल्या फिरताहेत त्या चाकांत,” असे ती भाजी निवडता निवडता म्हणे. कोणी ते मनावर घेत नसे. बायकोचे सोने मोडून सायकल घेतली हे सांगण्यापेक्षा सासऱ्याने दिली हे सांगणे त्या काळी पुरुषाला सोपे होते. आजी २००३ साली गेली. तिच्याबरोबर तिचा पाठही गेला असेच सर्वांनी धरले होते.

सायकल माझ्या मुलीने मागितली. ती अकरावीत आहे, आणि तिला याच सायकलीने कॉलेजात जायचे होते. काकांचे म्हणणे, वडिलांची आठवण आहे, पुसूनपासून दिवाणखान्यात भिंतीला लावावी. आमच्या सौभाग्यवतीचे म्हणणे, भिंतीला लावा नाही तर रस्त्यावर काढा, पण पावसात ब्रेक लागले नाहीत तर पोरगी त्यावर बसणार नाही. मला तिघांचेही पटत होते, आणि घरात अशा माणसाची काय गत होते हे वाचकांना सांगायला नको.

आमच्या पेठेत सायकलीची दुकाने होती तिथे आता मोबाइलची आहेत. उरलेल्यांपैकी एका दुकानात एक वयस्क मिस्त्री काका बसतात. त्यांनी सायकल पाहिली, पायडल उलटे फिरवून कान लावला आणि म्हणाले, “सर, ही घाईनं खोलायची नाही.” पायडलच्या दांड्यांतल्या कॉटर-पिना त्यांनी हातोड्याने न ठोकता दोन दिवस तेलात भिजू दिल्या आणि मग शिकंज्यात धरून दाबून काढल्या. हातोड्याने त्या वाकतात, आणि वाकलेली कॉटर म्हणजे बसलेला सुतक्या! त्याआधी दुसऱ्या एका दुकानात मला ‘आतला सगळा भाग नवा टाकून देतो’ असे सांगण्यात आले होते. मिस्त्री काका हसले. पायडलच्या आसाच्या वाट्यांना इंग्रजी सायकलींत सामान्यतः इंचाला २४ आटे असतात. रॅलेने मात्र स्वतःपुरते २६ ठेवले होते. नवी वाटी जबरदस्तीने बसवली असती तर फ्रेमचेच आटे गेले असते. तेव्हा जुन्याच वाट्या रॉकेलात धुतल्या आणि पाव इंची नवे छर्रे, एका बाजूला अकरा असे, भरले. मूळ पाठ टिकला.

मग मागचे चाक निघाले. त्याचा हब स्टर्मी-आर्चरचा, तीन गिअरचा. बोटभर लांबीच्या त्या डब्यात सगळी दंतचक्रे दडलेली असतात. मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा सव्वापटीहून थोडा जास्त. यात ग्रीझ भरायचे नाही, पातळ तेल घालायचे, म्हणून त्याला तेलाचे छोटे टोपण असते. ते टोपण शोधण्यासाठी मी हबवरची काळी पुटे फडक्याने पुसत होतो, तोच खाली कोरलेली अक्षरे दिसू लागली: ‘ए. डब्ल्यू.’, आणि शेजारी ५४ व ९.

हे कारखानदार हबवर साल आणि महिना उठवीत असत. पोथीच्या शेवटी लेखनकाल सांगणारी पुष्पिका असते, तशी ही लोखंडातली पुष्पिका! सप्टेंबर १९५४ मध्ये नॉटिंगहॅमला तयार झालेला हब १९५१ च्या पुण्यातल्या लग्नात कसा येईल?

पण चाक मागाहून बदललेले असू शकते. एका प्रक्षिप्त ओवीवरून ग्रंथाचा काळ ठरवू नये. म्हणून मी इतर पुरावे पाहिले. मागच्या चाकाला चाळीस स्पोक, पुढच्याला बत्तीस, ही जुनी इंग्रजी रीत. दोन्ही रिमांवर एकच छाप. आणि अण्णांच्या लोखंडी डबीत महानगरपालिकेच्या सायकल-कराचे बिल्ले होते, एकूण एक जपलेले. त्यांतला सर्वांत जुना १९५७ चा. विजेच्या बिलांची पाकिटेसुद्धा न फेकणारा माणूस पहिल्या सहा वर्षांचे बिल्ले हरवील, हे मला पटेना.

चाक घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून अक्षरे वाचली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे अण्णा खोटं बोलत होते, असं म्हणायचं आहे का तुला?” मी म्हटले, “काका, मी अण्णांबद्दल काहीच म्हणत नाही. आजी खरं बोलत होती, एवढंच म्हणतो.” त्यांनी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच एक फोटो पाठवला. त्यांच्या मुंजीतला, १९६१ चा. मातृभोजनाला बसलेल्या आजीच्या हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या आहेत.

भिंतीचा प्रश्न त्यानंतर कोणी काढला नाही. राहिला ब्रेकचा. लोखंडी, क्रोमच्या रिमवर पाणी पडले की रबर घसरते. ॲल्युमिनियमवर त्या मानाने चांगले धरते. पण चाळीस भोकांची तशी रिम आम्हाला मिळेना. मिस्त्री काकांनी तोड काढली: ब्रेक दाबल्यावर भार पुढे जातो, थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाक करते, तेव्हा पुढची बत्तीस भोकांची रिम तेवढी नवी घ्यावी आणि मागचे चाक हबासकट आहे तसे ठेवावे. तसेच केले. ब्रेकच्या तारा आणि रबरे नवी टाकली. मागचे अठरा दातांचे चक्र काढून बावीस दातांचे घातले, त्यामुळे तिन्ही गिअर हलके झाले. अण्णांच्या पिंढऱ्या आणि आमच्या कन्येच्या पिंढऱ्या यांत फरक आहे. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक त्रिशंकूची जागा असते. तार नीट ताणलेली नसली तर पायडल अचानक रिकामे फिरते आणि चालवणारा तोंडावर येतो. ती तार कशी जुळवायची हे मिस्त्री काकांनी मुलीकडून दहा वेळा करून घेतले आणि मगच सायकल तिच्या हाती दिली. रंगाला आम्ही हात लावला नाही. डांबर तेवढे खरवडले.

मुलगी रोज जाते. खालच्या गिअरला हब गप्प असतो, वरच्या दोन गिअरांना टिकटिक करतो, त्यामुळे ती गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळते. काढलेली रिम आणि अठरा दातांचे चक्र कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवले आहे. परवा मागचे चाक पंक्चर झाले. मी कॉलेजात होतो, म्हणून काकाच सायकल ढकलत दुकानात घेऊन गेले. मिस्त्रींनी मला नंतर सांगितले, की पाना हातात घेताच ते त्यांना म्हणाले, “जरा जपून हं, आमच्या आईची सायकल आहे.”