टोचतं म्हणजे टोचतंच

पहिलीच्या वर्गात दरवर्षी एखादं तरी मूल असं येतं, की ते शाळेत पोचण्याआधीच गावानं त्याच्याविषयी निकाल देऊन टाकलेला असतो. सोहमविषयीचा निकाल होता ‘हट्टी’. (नाव अर्थातच बदललं आहे.) मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जूनमध्ये त्याची आजी त्याला घेऊन आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, “बाई, ह्यो अंगाला हात लावू देत न्हाई बघा. केसं कापायची म्हंजी चार मानसं धरायला लागत्यात. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला. आता तुमीच बघा.”

मी बघू लागले. परिपाठाला माइक खरखरला की सोहम दोन्ही कान दाबून कुंपणाकडे पळायचा. पत्र्यावर पावसाची सर आली की बाकाखाली शिरायचा. नव्या गणवेशाची कॉलर मानेवर लाल वळ उठेपर्यंत ओढत राहायचा. पोषण आहारात मटकी घातलेली खिचडी समोर आली की त्याला उमासे यायचे. आणि हाच मुलगा व्हरांड्यावरून धपाधप उड्या मारायचा, भिंतीला पाठ घासायचा, मित्राला इतकी घट्ट मिठी मारायचा की तो रडायला लागायचा. साधा शर्ट टोचतो आणि भिंतीवर आपटलेलं चालतं, हे कुणालाच उमगत नव्हतं. त्यामुळे ‘हट्टी’ला ‘मारकुटा’ही जोडलं गेलं.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका आमच्याकडे येतात. त्यांनी मला एक साधं काम दिलं. सोहम बिथरला की चार गोष्टी लिहायच्या: त्याच्या आधी नेमकं काय घडलं, कुठे घडलं, किती वेळ चाललं आणि कशानं थांबलं. वहीची पानं भरत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. रडण्याच्या आधी बहुतेक वेळा एखादा अचानक आवाज किंवा हलका, नकळत झालेला स्पर्श असायचा. आणि पाण्याची बादली उचलली, वह्यांचा गठ्ठा वाहिला की त्यानंतरचा तास तो बरा बसायचा.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला आणि त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. मी ती वही पथकातल्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी सोहमला जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात पाठवलं. तिथे आधी कान आणि डोळे तपासले, कारण कान दुखत असला तरी मूल कानावर हात ठेवतं. दोन्ही ठीक निघाले. मग तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताई त्याच्याबरोबर जमिनीवर बसून बराच वेळ खेळल्या आणि नंतर त्याच्या आईला, आजीला आणि मला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं.

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही आपल्याला ठाऊक असलेली पाच इंद्रियं. त्यांखेरीज शरीर आणखी खबरा देत असतं. आतल्या कानातून तोल कळतो, स्नायू आणि सांध्यांतून हातपाय कुठे आहेत आणि किती जोर लागतोय ते कळतं. या सगळ्या खबरा मेंदू एकत्र लावतो आणि बिनमहत्त्वाच्या बाजूला सारतो. म्हणूनच अंगावरचा शर्ट आपल्याला दिवसभर जाणवत नाही. काही मुलांत हे बाजूला सारणं नीट होत नाही, आणि शर्ट त्यांना दिवसभर जाणवत राहतो. त्याच मुलाला स्नायू-सांध्यांतून येणारी खबर मात्र अपुरी पडू शकते. ती मिळवण्यासाठी ते आपटतं, ढकलतं, घट्ट बिलगतं. सोहमचं कोडं तिथेच सुटलं.

हा विचार पहिल्यांदा पद्धतशीर मांडला तो जीन एअर्स या अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं. त्यांचं या विषयावरचं मूळ पुस्तक १९७२ मध्ये आलं. पुढे २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे स्वमग्नतेच्या लक्षणांत धरलं गेलं. पण ताईंनी एक गोष्ट ठासून सांगितली: अशी संवेदनशीलता असलेलं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. अतिचंचल मुलांत ती दिसते, आणि इतर कुठलंच निदान नसलेल्या मुलांतही दिसते. त्या पुस्तिकेत तिला वेगळ्या आजाराचा दर्जा नाही. म्हणून एका लक्षणावरून मुलाला शिक्का मारू नये, पूर्ण तपासणी करावी.

आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “म्हंजी त्याला खरंच टोचतंय व्हय?” ताई म्हणाल्या, “हो आजी, खरंच टोचतंय.” आजीनं पदर डोळ्यांना लावला. माझ्या मते त्या दिवशी सोहमला मिळालेला सर्वांत मोठा उपचार तोच होता. घरातल्या एका मोठ्या माणसानं त्याच्यावर विश्वास ठेवला.

पुढचं काम आम्हा सगळ्यांचं होतं. आईनं गणवेश चार-पाच वेळा धुऊन मऊ केला, कॉलरची लेबलं उसवून टाकली. मी परिपाठाच्या स्पीकरचं तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि सोहमला रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. शाळेची घंटा वाजवायचं काम त्याच्याकडेच दिलं. आवाज आपण स्वतः केला की मेंदूला तो आधीच ठाऊक असतो, त्यामुळे त्याचा दणका कमी बसतो. ज्या घंटेला तो पळून जायचा तीच तो मान ताठ करून वाजवू लागला. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई त्याला भात आणि उसळ वेगवेगळी वाढू लागल्या. मऊ भातात मध्येच कडक दाणा लागला की त्याला ढवळून यायचं, सुटा दाणा मात्र तो चावून खायचा. गर्दी होण्याआधी त्याला व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसवलं की ताटांचा खणखणाटही टळायचा.

जड कामं दिवसात विखरून दिली: फळा पुसणं, बाक सरकवणं, झाडांना पाणी घालणं. आजीनं जुन्या लुगड्यांची एक छोटी जाड गोधडी शिवून आणली. वर्ग फार गजबजला की तो कोपऱ्यात ती अंगावर घेऊन बसायचा. त्यातही ताईंचा नियम पाळला: गोधडी मूल स्वतः बाजूला करू शकेल एवढीच जड हवी, तोंडावर कधीच नको, आणि शिक्षा म्हणून तर मुळीच नको.

केस कापणं सर्वांत अवघड होतं. मशीनची घरघर आणि मानेवर पडणारे बारीक केस त्याला सोसवत नसत. गावातले न्हावीकाका घरी यायला तयार झाले, मशीनऐवजी कात्री वापरायला तयार झाले. आधी आजी त्याचं डोकं आणि खांदे तळव्यांनी ठाम दाबायची, कारण अशा मुलांना हलका स्पर्श झोंबतो आणि ठाम दाब पुष्कळदा सुखावतो. मग काका दाखवायचे, आता कुठे कापणार. मध्ये तो ‘थांबा’ म्हणाला की थांबायचे. त्याला धरून ठेवायला माणसं लागेनाशी झाली.

वर्गातल्या मुलांनी रास्त प्रश्न विचारला, “बाई, त्यालाच का सवलत?” मी प्रत्येकाला आपल्याला न सोसवणारी एक गोष्ट सांगायला लावली. कुणाला फळ्यावर खडू करकरला की दात शिवशिवतात, कुणाला दुधावरची साय तोंडात चालत नाही, कुणाला लोकरीचा स्वेटर खाजतो. मग मी म्हटलं, सोहमला अशा गोष्टी जास्त आहेत आणि जास्त जोरात आहेत. त्यांना ते लगेच पटलं. यात्रेच्या दिवशी डीजे लागणार होता तेव्हा याच मुलांनी त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं, मिरवणूक कधी कुठून येणार ते. घरच्यांनी त्याला कारखान्यात वापरतात तसले कान झाकणारे मफ आणून दिले, आणि ऐन मिरवणुकीच्या वेळी आजोबा त्याला मळ्यातल्या वस्तीवर घेऊन गेले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. ती गावोगाव पाळली गेली तर अशा मुलांना सणाच्या दिवशी गाव सोडावं लागणार नाही.

पालकांना आणखी एक सांगायला हवं. शहरांतून यावर महागड्या उपचारांच्या जाहिराती दिसतात, कर्ज काढून जाणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१२ मध्येच स्पष्ट केलं होतं की अशा थेरपीचा सर्वांगीण उपचारात एक भाग म्हणून उपयोग करता येईल, पण तिच्या परिणामांविषयीचं संशोधन मर्यादित आहे आणि हे पालकांना सांगितलं पाहिजे. म्हणून थेरपी घ्यावी ती उद्दिष्ट ठरवून: केस कापू देणं, ताटावर बसणं, वर्गात टिकणं. ठरलेल्या मुदतीत फरक दिसतो का ते तपासावं. कुणी ‘पूर्ण बरं करतो’ अशी हमी दिली तर तिथून उठून यावं.

सोहम आता तिसरीत आहे. माइक खरखरला की अजूनही कान झाकतो, पण रांगेत उभा राहतो. मटकी अजूनही वेगळी लागते. त्याची संवेदनशीलता नाहीशी झालेली नाही. ती सांभाळून शिकता येतं, एवढं त्याला आणि आम्हाला कळलं आहे. यासाठी शाळेला खर्च जवळपास काहीच आला नाही. आणि अशी सोय करणं ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार दिव्यांग मुलांना गरजेप्रमाणे वाजवी सोयी देणं हे शाळेचं कर्तव्यच आहे. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यांच्यासाठी एवढं करायला तर कायद्याचीही गरज पडू नये.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना आणि पालकांना एवढीच विनंती आहे. मूल ‘टोचतंय’ म्हणालं की आधी टोचणारं काढा, ‘आवाज सोसत नाही’ म्हणालं की आधी आवाज कमी करा. मग वही घ्या आणि लिहायला लागा. हट्ट आहे की नाही याची चर्चा त्यानंतर करा. बहुतेक वेळा ती करायची वेळच येणार नाही.